निळा म्हणून घेतलेला गुलाब : दीड वर्षाचा हिशेब

आधीच सांगते, हा गुलाब निळा नाही. नाव 'ब्लू मून' आहे, ऑनलाइन फोटोत तो शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा दिसतो, तरीही नाही. मी गेली बावीस वर्षं ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. रंगाच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा माझा एक भ्रम होता. तो 349 रुपयांत फिटला.

जागा म्हणाल तर हडपसरला तळमजल्यावर खोलीपुढे सहा बाय चार फुटांचा तुकडा. त्यात तुळस, कढीपत्ता, गवती चहा आणि सासूबाईंच्या वेळचा गावठी गुलाब. सकाळी साडेसातला ऊन येतं, साडेबाराला समोरच्या इमारतीची सावली पडते. गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतं, तेवढं कसंबसं मिळतं.

पहिलं रोप मी घरपोच मागवलं, तेही मार्चमध्ये. खोक्यातून निघालं ते वीतभर काडी आणि चार पानं. कुंडीत लावलं, सावलीत ठेवलं, रोज बघत होते. मे महिन्यात एकदम फुटलं. एवढं जोमानं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. फांद्या सरळसोट, हिरव्यागार, हातभर उंच. कळी मात्र एक नाही. जुलैत सोलापूर रोडला मांजरीच्या पुढे एका नर्सरीत खत आणायला गेले, तेव्हा मोबाइलवरचा फोटो तिथल्या मामांना दाखवला. त्यांनी बोटाने फोटो मोठा केला आणि म्हणाले, "ताई, कलम गेलंय तुमचं. हा खुंट वाढलाय."

विकतचं गुलाबाचं रोप म्हणजे बहुधा रानटी जातीच्या खुंटावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतात असलेला कोंब. जोडाच्या जागी गाठ असते. त्या गाठीच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं, आपण पैसे दिलेले असतात ते गाठीच्या वरचं. माझ्या रोपाची वरची काडी कधीच वाळली होती, आणि मी दोन महिने खुंटाला शेणखत घालून कौतुक करत होते. विकणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं, सात दिवसांनंतर तक्रार घेतली जात नाही. सात दिवसांत गुलाबाचं काय कळतं, ते त्यांनाच ठाऊक.

दुसरं रोप त्या मामांकडूनच घेतलं, 120 रुपयांना, कळी लागलेलं. आता लिहितेय ते त्याच्याबद्दल.

पहिलं फूल उमललं त्या दिवशी मी रिळांचा डबा घेऊन अंगणात बसले. गिऱ्हाईक 'लव्हेंडर' म्हणतं तेव्हा प्रत्येकीच्या मनात वेगळी छटा असते, म्हणून माझ्याकडे त्या घराण्यातली सात रिळं आहेत. कळीची बाहेरची पाकळी लाल कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, थोडी गुलाबी, थोडी जांभळी. अर्धं उमललं की पांढऱ्या ओढणीवरचा जांभळाचा डाग दोनदा धुऊन उरतो, तो रंग. सकाळी आठ वाजता तिसरं रीळ पाकळीवर ठेवलं तर दोरा दिसेना, इतकं जुळलं. अकराला तेच रीळ पुन्हा लावून पाहिलं. दोरा ठळक, फूल राखेकडे झुकलेलं. कडक उन्हात दुसऱ्या दिवशी तर जुन्या पेटीकोटासारखं होतं. डिसेंबर-जानेवारीत रंग गडद येतो आणि टिकतो, एप्रिलमध्ये जेमतेम. फोटोतला निळा मात्र कुठल्याच महिन्यात नाही.

भाची कृषी महाविद्यालयात शिकते. तिने सांगितलं, गुलाबाला निळं रंगद्रव्य बनवताच येत नाही. डेल्फिनिडिन म्हणतात त्याला. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलाचं जनुक घालून ते गुलाबात आणलं आणि 2009 मध्ये असा गुलाब तिथे विकायला काढला. त्याचा फोटो तिने दाखवला. एवढी खटपट करून रंग माझ्या चौथ्या रिळाचा! मग 'ब्लू मून'वरचा माझा राग जरा कमी झाला. जर्मनीतल्या टांटाऊ या गुलाबाच्या नव्या जाती काढणाऱ्यांनी ही जात 1964 च्या सुमाराला आणली, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठी. नाव ठेवताना थोडी हौस केली असेल त्यांनी.

आता वास. एवढ्या एका गोष्टीसाठी हे झाड मी ठेवलंय. गुलकंदाचा, अत्तराचा वास नव्हे. लिंबाची साल नखाने खरवडली की नाकात जे शिरतं, ते आधी येतं, गुलाब मागून. सकाळी दव असताना सगळ्यात जास्त. एक फूल चहाच्या ग्लासात मशीनच्या टेबलावर ठेवते, तर इस्त्रीची वाफ निघाली की खोलीभर होतं. ट्रायलला आलेल्या बायका आधी विचारतात, कुठलं सेंट मारलंय? फूल तीन दिवस उभं राहतं, वास दोन दिवस. गावठी गुलाबही वासाचा आहे, पण त्याचा वास देवघरात शोभतो. हा नुसता बसून घ्यावा असा.

लाड मात्र फार. गावठी गुलाब एका बहरात वीस-पंचवीस फुलं सहज देतो. याने गेल्या थंडीत सगळी मिळून अकरा दिली, एका दांड्याला एक. दांडा लांब, काटे कमी, तेवढं सुख. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात, पान पिवळं पडून गळतं. ऑगस्टमध्ये झाड जवळजवळ उघडं झालं होतं. पडलेली पानं रोज उचलायची, संध्याकाळी पानांवर पाणी मारायचं नाही, दाटी झाली की आतली फांदी काढायची. तरी वाढलं तर बुरशीनाशक. खत म्हणजे शेणखत आणि निंबोळी पेंड, त्यात काही विशेष नाही.

फेब्रुवारीत फुलकिडे आले. पाकळ्यांच्या कडा चहात बुडवल्यासारख्या तपकिरी, कळी अर्धीच उघडलेली. फूल कागदावर झटकलं की बारीक बारीक रेघा पळताना दिसतात. मामांनी निळे चिकट सापळे दिले, या किड्यांना निळा रंग आवडतो म्हणून. म्हणजे निळ्याच्या नादी लागणारी मी एकटी नाही.

छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, कोजागिरी झाली की. पहिल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी मदतीच्या उत्साहात माझी कापडाची कात्री घेतली. कात्रीची धार गेली आणि फांदीही चिरडली. ती फांदी वरून काळी पडत खाली आली, गाठीपर्यंत जायच्या आत मी हिरव्या भागात कापली म्हणून झाड वाचलं. तेव्हापासून 280 रुपयांचा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आहे आणि कापडाची कात्री कुलपात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप, कापावर शेणाचा लेप. गावठी गुलाब गुडघ्याएवढा छाटला तरी चालतो. हा तसा छाटलात तर रुसतो. मी फक्त वरचा तिसरा हिस्सा काढते. दीड-पावणेदोन महिन्यांत पहिलं फूल.

कुणी घ्यावा? फुलांनी भरलेलं झाड हवं असेल त्यांनी नको. फ्लोरिबंडा घ्या, गुच्छाने येतात. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची 'नीलांबरी' त्याच रंगातली आहे, तीही बघा. रोज पाच मिनिटं झाडापाशी उभं राहायची सवय असेल, दारात सकाळचं ऊन असेल, तर 'ब्लू मून' जरूर घ्या, पण एकच. दोन झाडांचे लाड कुणाच्याने होत नाहीत. घ्याल तेव्हा नर्सरीत जाऊन, पावसाळ्यात किंवा थंडीच्या तोंडाला, फूल नाहीतर निदान कळी बघून, आणि वाकून गाठीखाली काही फुटलेलं नाही ना ते बघून घ्या. रंगाला मी पाचात तीन देईन, तब्येतीला दोन, वासाला पाचच्या पाच.

मागच्या आठवड्यात एक मुलगी साखरपुड्याचा ब्लाउज टाकायला आली. "काकू, असाच लव्हेंडर," म्हणून ग्लासातल्या फुलाकडे बोट केलं. कापड घेऊन सकाळी आठला ये म्हटलं, नंतर रंग बदलतो. ती साडेअकराला आली. आता तिच्या ब्लाउजला अस्तर पाचव्या रिळाच्या रंगाचं लागतंय, आणि ते बाजारात मिळत नाहीये.