सामायिक फोल्डर: साधा ग्रुप पुरे, की एसीएल हवी?

अंबड एमआयडीसीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या युनिटचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. सुरुवातीला ‘ड्रॉइंग’ फोल्डरात डिझाइनचे चौघेच लिहायचे, बाकीच्यांना आत प्रवेश नव्हता. एवढ्यासाठी एसीएलचं (कोणत्या माणसाला किंवा ग्रुपला काय हक्क, याची फाइलीला जोडलेली यादी) नावही काढू नये. फोल्डरला ‘डिझाइन’ ग्रुप लावला, सीएचमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) २७७० केलं, म्हणजे मालक आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना शून्य, झालं. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी. आत तयार होणारी फाइल त्याच ग्रुपची होते. गोम एकच. युमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणते हक्क वजा करायचे ते ठरवणारा आकडा, ०२२ असेल तर नव्या फाइलीत ग्रुपला लिहिता येत नाही, ००२ करावा लागतो, तोही चौघांच्या लॉगिनला. एक जण हमखास राहतो आणि सोमवारी फोन येतो, “सर, सेव्ह होत नाहीये.”

गाडी अडली ती शॉपफ्लोअरपाशी. त्यांना ड्रॉइंग बघायचं होतं, बदलायचं नव्हतं. साध्या परवानग्यांत मालक, ग्रुप आणि ‘अदर’ (बाकी सगळे) एवढेच तीन कप्पे. ‘अदर’ला वाचू दिलं की सर्व्हरवर खातं असलेला ट्रेनीही वाचणार. इथे मात्र एसीएलच. सेटएफएसीएल या एसीएल लावणाऱ्या कमांडने ‘शॉप’ ग्रुपला वाचण्यापुरता हक्क दिला आणि त्याच नोंदी डिफॉल्ट, म्हणजे आत तयार होणाऱ्या नव्या फाइलींसाठी म्हणूनही घातल्या. डिफॉल्ट एसीएल असली की नव्या फाइलीला युमास्क लागतच नाही, त्यामुळे सोमवारचे फोनही थांबले. जुन्या फाइलींना मात्र ती लागू होत नाही. त्यांच्यासाठी सेटएफएसीएलमध्ये मोठा आर (आतल्या सगळ्या फाइली-फोल्डरांना लावणारा पर्याय) आणि हक्कांत मोठा एक्स वापरा. मोठ्या एक्समुळे फोल्डरात शिरता येतं, पण साध्या फाइली एक्झिक्युटेबल होत नाहीत. त्याच डिस्कवरून एमव्हीने (फाइल हलवणारी कमांड) आणलेली फाइल जुन्याच परवानग्या घेऊन येते, हेही ध्यानात ठेवा.

खरा धोका मास्कचा, म्हणजे एसीएलमधल्या नोंदींना जास्तीत जास्त किती हक्क मिळेल त्या मर्यादेचा. एसीएल असलेल्या फोल्डरवर सीएचमॉडचा मधला आकडा ग्रुपला नव्हे, मास्कला लागतो. कुणी सवयीने ७०० मारलं की सगळ्या नोंदी जागेवर दिसतात, पण मालकाची सोडून चालत एकही नाही. एलएसच्या (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) यादीत परवानग्यांच्या शेवटी ‘+’, म्हणजे एसीएलची खूण, दिसला तर आधी गेटएफएसीएलने नोंदी बघायच्या, मग हात लावायचा.

बॅकअपमध्ये मी स्वतःच फसलो. आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडचा छोटा ए पर्याय एसीएल उचलत नाही, मोठा ए वेगळा द्यावा लागतो. डिस्क बदलली तेव्हा फाइली आल्या, ‘+’ गायब.

हिशेबाचं फोल्डर आजही साध्या ग्रुपवर आहे, तिथे दोघंच लिहितात. ड्रॉइंगच्या परवानग्यांची यादी गेटएफएसीएलने रोज रात्री एका फाइलीत काढून ठेवतो. सेटएफएसीएलचा रिस्टोअर पर्याय ती जशीच्या तशी परत बसवतो.