निओ-६एम जीपीएस मॉड्यूलचा टाईम सर्व्हर, आठ महिन्यांनी : एक स्टार दिला होता, तो बदलतोय

सॅटेलाईटवरून अचूक वेळ घेणाऱ्या ह्या मॉड्यूलला फेब्रुवारीत मी एक स्टार दिला होता आणि विक्रेत्याशी पंधरा दिवस भांडलो होतो. तो स्टार आज बदलतोय. का ते सविस्तर लिहितो, कारण मला ग्राफमधे दिसली तशीच चुकीची रोजची लाट बघून अजून कुणीतरी मॉड्यूल परत पाठवायच्या तयारीत असणार.

सेटअप नेहमीचाच, रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, पीपीएसची (दर सेकंदाला एक ठोका देणारी) वायर त्याच्या जीपीआयओ १८ ह्या पिनला, वर क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर. मॉड्यूल साडेचारशेला, बाहेर लावायचा अँटेना सहाशेला, पाय घरात पडूनच होता. तयार टाईम सर्व्हरचं (बाकी मशीनना वेळ देणाऱ्या डब्याचं) कोटेशन ऐंशी हजाराच्या पुढं गेलेलं, आणि सांगलीतल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधे नुसत्या घड्याळासाठी ऐंशी हजार मालकांकडं मागायची माझी तरी तयारी नव्हती.

गरज पडली ती मागच्या सीझनला. एका टेम्पोवाल्याशी वजनावरून वाद झाला. काट्याच्या पावतीवर वेळ सहा बेचाळीस, आणि कॅमेऱ्यात सहा बेचाळीसला काट्यावर दुसरीच गाडी उभी. माणूस खरं बोलत होता आणि पावती पण खरी होती, फक्त काट्याचा कॉम्प्युटर पावणेदोन मिनिटं पुढं होता. कॉम्प्युटरचं घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक २० पीपीएम (दहा लाखात वीस) धरली तरी दिवसाला १.७ सेकंद होतात, महिन्याला ५२, आणि त्या कॉम्प्युटरचा टाईम दोन महिने कुणी लावलाच नव्हता. त्या माणसाला तासभर चोर ठरवून उभं केलं होतं, ते मला अजून खुपतं.

तर मॉड्यूल. पत्र्याखाली त्याला एकही सॅटेलाईट सापडला नाही, अँटेना पत्र्याच्या वर काढला तेव्हा दोन मिनिटात छोटा एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकायला लागला. एक सांगतो, नुसत्या सिरीयल केबलवरून येणाऱ्या वेळेवर विसंबू नका, त्यावर वेळ मजकुराच्या ओळीत येते, ती ओळ सेकंद उलटून गेल्यावर पोचते आणि दर वेळी थोड्या वेगळ्या उशिरानं पोचते. पीपीएसची वायर जोडली आणि चूक मिलिसेकंदातून दोन-तीन मायक्रोसेकंदावर आली. डिसेंबरपर्यंत मी लय खूश होतो.

मग ग्राफ काढायला लागलो आणि डोकं फिरलं. रोज दुपारी लाट. क्रोनीच्या ट्रॅकिंगमधला फ्रिक्वेन्सीचा आकडा (घड्याळ किती जलद किंवा हळू चालतंय तो) दुपारी दोन वाजता पहाटेपेक्षा जवळजवळ एक पीपीएमनं वेगळा, आणि मधेच ऑफसेट, म्हणजे वेळेतला फरक, दोनवरून थेट चाळीस मायक्रोसेकंदावर उडायचा. त्यात इंटरनेटवरचे टाईम सर्व्हर ह्या मॉड्यूलपेक्षा कायम चार मिलिसेकंद एकाच बाजूला दिसायचे. मी म्हटलं मॉड्यूल डुप्लिकेट. विक्रेता प्रत्येक मेसेजला एकच उत्तर द्यायचा, रीसेट करून बघा. तेव्हाच तो एक स्टार दिला.

चार मिलिसेकंदाचं कोडं आधी सुटलं. समजा माझ्याकडं घड्याळ नाही आणि मी पोराला मिरजेला पाठवला, तिथलं घड्याळ बघून ये म्हणून. तो चाळीस मिनिटात परत आला. मी धरणार वीस जायला, वीस यायला. पण जाताना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुढं आले असतील, तीस मिनिटं जायला लागली असतील आणि दहाच यायला, तर माझी वेळ दहा मिनिटं चुकली. आणि रोज तसंच होत असेल तर पोराला शंभर वेळा पाठवून सरासरी काढली तरी चूक दहा मिनिटांचीच राहणार. इंटरनेटवरून वेळ जुळवायची पद्धत, एनटीपी, नेमकं हेच धरते, जायचा आणि यायचा वेळ सारखा. आमच्या ब्रॉडबँडला तो सारखा नाही. म्हणजे चूक रस्त्याची होती, मॉड्यूलची नाही.

लाट मात्र दीड महिना सुटेना. शेवटी चार दिवस दर पंधरा मिनिटांनी वहीत दोन आकडे लिहिले, पायचं तापमान आणि फ्रिक्वेन्सी. दोन्ही हातात हात घालून चढत होते आणि उतरत होते. मग फक्त पायला थर्माकोलच्या पेटीत ठेवलं, झाकण थोडं उघडं, आणि मॉड्यूल मुद्दाम तसंच पत्र्याखाली तापत ठेवलं. लाट निम्म्याहून कमी झाली आणि ते चाळीसचे झटके पूर्ण बंद. झटके कशाचे तर माल भरताना कोल्ड स्टोरेजचं दार उघडायचं आणि गार हवेचा झोत सरळ पायवर यायचा! हलत होता तो पायवरचा क्रिस्टल, मॉड्यूल फक्त ते दाखवत होतं. विक्रेत्याला तसा मेसेज करून माफी मागितली.

ह्यातून कळलं ते असं की "चूक किती" एवढंच विचारून भागत नाही, किती वेळात किती हलते ते बघावं लागतं. भराभर होणारी थरथर म्हणजे जिटर, ती सरासरीनं कमी होते. सावकाश हेलकावा म्हणजे वाँडर, टेलिकॉमवाले १० हर्ट्झच्या खालच्याला, म्हणजे सेकंदाला दहापेक्षा कमी वेळा होणाऱ्याला, ते नाव देतात, आणि तिथं जितकी लांब सरासरी घ्याल तितके फसाल. किती लांब घ्यायची ते बघायची पद्धत डेव्हिड ॲलन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ मधे मांडली, त्यांच्या नावाचा ग्राफ माझ्या आकड्यांवर काढला तर सरासरी लांबवत नेली तसा तो आधी खाली गेला (चूक कमी) आणि काही मिनिटांच्या पुढं परत वर चढला. दीड महिन्याची मारामारी त्या एका वाकड्या रेषेत दिसली.

आणि एवढं करून कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) रोज दोन सेकंद चुकतच होता, कारण त्यात सर्व्हरकडून टाईम घ्यायचं अंतर १४४० मिनिटं, म्हणजे दिवसातून एकदा होतं. ६० केलं. काट्याच्या जुन्या विंडोजमधे तर मूळ सेटिंग आठवड्यातून एकदा असतं, ते पण तासाला केलं. आता पावती आणि कॅमेरा एका सेकंदाच्या आत जुळतात.

स्टार चार. पाचवा कापला कारण मॉड्यूलवरचा छोटा सेल सहा महिन्यात मेला, लाईट गेली की सॅटेलाईट पहिल्यापासून शोधत बसतं, आणि पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. त्यासाठी डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारं घड्याळ मागवलंय, दोन पीपीएमचं आहे, म्हणजे दिवसभर आभाळ दिसलं नाही तरी पावणेदोनशे मिलिसेकंदाच्या आसपासच सरकेल. ते बसवलं की इथंच खाली लिहितो.