एएमव्ही: दोन व्हीसीआर की कॉम्प्युटर?

1982 साली अमेरिकेत जिम कपोस्टास या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि ‘स्टार ब्लेझर्स’ या मूळ जपानी कार्टून मालिकेतल्या हाणामारीच्या दृश्यांवर बीटल्सचं प्रेमगीत चढवलं. चाहत्याने केलेला पहिला अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजेच एएमव्ही (जपानी अ‍ॅनिमेशनच्या दृश्यांवर चढवलेलं गाणं), म्हणून तोच ओळखला जातो.

व्हीसीआरवर एका मशीनमध्ये दृश्य लावायचं, दुसऱ्यावर पॉज सोडून रेकॉर्ड करायचं. पॉज सोडताना टेप जराशी सरके, त्यामुळे कट नेमका ठेक्यावर पडेलच याची खात्री नसे. मधलाच एखादा शॉट लांबवायचा ठरलं, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा! शिवाय कॉपीवरून कॉपी काढली की रंग फुटत, चित्र धूसर होई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्युटर हाताशी आला. सेकंदाला सुमारे 30 फ्रेम, त्यातल्या हव्या त्या फ्रेमवर कट. पात्राचे ओठ गाण्याच्या शब्दांशी जुळवता येऊ लागले. डिस्क लहान, रेंडरिंगला, म्हणजे जुळवलेल्या तुकड्यांचा अंतिम व्हिडिओ तयार व्हायला, तासन्‌तास लागत, पण चूक तेवढीच सुधारता येई.

सफाईत कॉम्प्युटर निर्विवाद सरस. तरी मला टेपवरची कामं अधिक भावतात. तिथे कोणतं दृश्य कुठे, हे रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीच पक्कं करावं लागे, आणि तो विचार पडद्यावर दिसतो.