निफाडच्या थंडीत 10डब्ल्यू-30 ट्रॅक्टर ऑइल: वापरानंतरचा अभिप्राय

डिसेंबर-जानेवारीतील थंडीच्या लाटेत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि द्राक्षबागेची कामे तर पहाटेपासूनच सुरू असतात. अशा वेळी इंजिन सुरू होते, परंतु रोटाव्हेटर उचलण्यासाठी लिव्हर ओढताच हायड्रॉलिक पंप किंचाळू लागतो आणि लिफ्ट अर्ध्यावर रेंगाळते. ऊन वर आल्यावर मात्र तोच ट्रॅक्टर निमूटपणे काम करतो. यावर उपाय म्हणून दुकानदार यूटीटीओ प्रकारचे 10डब्ल्यू-30 ऑइल सुचवतात. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांना एकच तेल पुरवणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी ते बनवलेले असते. जुन्या घेतलेल्या माझ्या ट्रॅक्टरमध्ये आधीच्या मालकाने गिअरचे 90 नंबरचे ऑइल भरलेले होते. पुस्तिकेत यूटीटीओची शिफारस असल्यामुळे मी हा बदल केला.

फरक पहिल्याच थंड सकाळी जाणवला. लिफ्ट एका दमात वर गेली, पंपाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला आणि ब्रेक दाबताना येणारी करकरही बरीच कमी झाली. कारण सरळ आहे: 40 अंश तापमानाला या ऑइलचा दाटपणा साधारण 60 ते 70 सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो, तर 90 नंबरच्या गिअर ऑइलचा त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तापमान जसे खाली जाते तसे हे अंतर झपाट्याने वाढते. दाट तेल गाळणीतून पंपापर्यंत वेळेत पोहोचत नाही, पंपाच्या तोंडाशी पोकळी निर्माण होते आणि ती फुटताना तो आवाज येतो. असे रोज होऊ दिले तर पंपाचे दातेही खराब होतात.

तरीही सगळे श्रेय नव्या ऑइलला देणे योग्य होणार नाही. ऑइल बदलताना गाळणी काढली तेव्हा तिच्यावर चिकट गाळाचा थर होता, आणि तुंबलेली गाळणी थंडीत अगदी दाट तेलासारखीच लक्षणे दाखवते. म्हणून ऑइलवर पैसे घालवण्यापूर्वी गाळणी, फिल्टर आणि पातळी तपासावी. पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवावे. पातळी मोजण्याच्या गजावर फेस दिसला तर पंप हवा ओढत आहे असे समजावे. थंडीत कडक झालेल्या जुन्या रबरी ओ-रिंगमधून, पंपाकडे तेल ओढून नेणाऱ्या पाइपाच्या जोडात हवा शिरते, आणि ती रिंग बदलल्याशिवाय कोणतेही ऑइल उपयोगी पडत नाही. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी गेलेले आहे. अशा तेलावर नवे तेल ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

खरेदीपूर्वी सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र उलट दिशेने करायची आहे. लिफ्ट सकाळी ठीक उचलते आणि दुपारी, तेल तापल्यावर, ढिली पडते, असे होत असेल तर पंप झिजलेला आहे किंवा सिलिंडरचे सील गेले आहे. तिथे पातळ ऑइल घातले तर गळती वाढून त्रासही वाढेल. त्यामुळे झिजलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाला हे ऑइल घेण्याचा सल्ला मी देणार नाही; त्याने आधी मिस्त्रीकडून प्रेशर मोजून घ्यावे. गळती शोधताना नळीवर हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा, कारण दाबाखालचे बारीक तेल कातडीत शिरते आणि ती जखम गंभीर असते.

या ऑइलमुळे ट्रॅक्टर गरम करण्याची गरज संपते, असा समज करून घेऊ नये. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या वेगावर पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून, अवजार न जोडता लिफ्ट हळूहळू वर-खाली करावी लागतेच. ज्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप पीटीओच्या (अवजारांना इंजिनची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर चालतो तिथे पीटीओचा लिव्हरही लावलेला हवा. लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर लिव्हर ताणून धरण्याची सवय घातक आहे. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवल्या जातात, पण तीच शेकोटी तेल पातळ करण्यासाठी ट्रॅक्टरखाली सरकवणारेही आढळतात. तेलात डिझेल किंवा रॉकेल मिसळणे हा त्याहून वाईट उपाय आहे, कारण त्याने पंप आणि ब्रेक दोन्ही जातात.

किंमत साध्या गिअर ऑइलपेक्षा जास्त आहे आणि एका बादलीत काम भागत नाही, ही खरी अडचण आहे. ज्यांचे काम ऊन पडल्यावर सुरू होते आणि ज्यांच्या ट्रॅक्टरमध्ये पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल आहे, त्यांनी केवळ थंडीसाठी ते बदलण्याचे कारण नाही. पहाटे फवारणीचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर चालवणाऱ्यांना मात्र हा खर्च परवडतो. घेताना बादली सीलबंद असावी आणि तिच्यावर यूटीटीओ असे छापलेले आहे याची खात्री करावी. इंजिनचे 20डब्ल्यू-40 ऑइल ‘चालून जाईल’ म्हणून दिले जाते, पण तेलात बुडालेल्या ब्रेकसाठी लागणारे घटक त्यात नसतात.