आईची तीन चाकी बॅटरी गाडी: सात महिने वाट बघून घेतली, कशी आहे ते सांगतो

शेवटी आली ओ गाडी. गुढीपाडव्याला बुकिंग केलेलं आणि दिवाळी पाडव्याला दारात लागली, मधे सात महिने गेले. बेळगावात कुणी घेणार असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहितोय.

आम्ही वडगावचे. आईनं पंचवीस वर्षं मागावर काम केलं, आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तर बाजाराला जायचं म्हटलं की रिक्षा नाहीतर माझी सुट्टी. तिला कुणाला सांगून थांबायला आवडत नाही. पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या आर्किमोटोची गाडी दाखवली, ओरेगॉनमधल्या युजीन गावची कंपनी, पुढं दोन चाकं मागं एक, हँडल स्कूटरसारखं, एकामागं एक दोन माणसं बसत्यात आणि ताशी १२० पर्यंत पळते. आई म्हणाली "असली बघ की रे आपल्याकडं मिळती का." तसली नाही मिळत, पण २५ च्या स्पीडची छोटी तीन चाकी मिळते, पुढं एक चाक मागं दोन, स्कूटरची सीट आणि मागं पिशव्या ठेवायला जाळी. तीच ठरवली, ७८ हजार, ५ हजार ॲडव्हान्स.

दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. पण तारीख कधी खरी सांगितली नाही. आधी म्हणाले पंधरा दिवस, मग कंट्रोलर (मोटरला करंट सोडणारा डबा) आला नाही, मग माल हुबळीपर्यंत आलाय, मग पाऊस. फोन केला की दुकानातलं पोरगं एकच शब्द बोलायचं, "नाळे", म्हणजे कन्नडात उद्या. आणि तो उद्या काय उजाडायचा नाही. मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, माल उशिरा येतो हे मला कळतं, पण आम्ही गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की अजून महिना लागणार, मग तो त्याची सोय बघतो. इथं आई रोज विचारायची आणि माझ्याकडं सांगायला काही नसायचं, त्याचा त्रास जास्त झाला.

आषाढात मंगाईच्या जत्रेआधी गाडी येणार म्हणून मी चेकर्ड प्लेटचा रॅम्प करून दारात टाकलेला, उंबऱ्याला दोन पायऱ्या आहेत आमच्या. जत्रा झाली, गणपती झाले, रॅम्प तसाच. पावसानं गंज धरला, आईनं त्यावर तुळशीच्या कुंड्या मांडल्या. खंडेनवमीला गल्लीत सगळ्यांच्या गाड्यांना हार, आमचा नुसता रॅम्प, तेव्हा आई गप्प बसून होती ते मला अजून आठवतंय.

बाहेर पण असंच चालतंय म्हणा. अमेरिकेतच ॲप्टेरा म्हणून सोलरवरची तीन चाकी आहे, ती कंपनी २०११ ला बंद पडली, २०१९ ला परत उभी राहिली, २०२० च्या डिसेंबरात १०० डॉलर घेऊन बुकिंग सुरू केलं आणि लोक वर्षानुवर्षं थांबलेत. पण ते परत मिळणारे पैसे आहेत असं आधीच सांगून घेतलेत. आमच्या पावतीवर तसं काहीच नव्हतं, आणि तिथंच मी चुकलो, तसलीच पावती घेतली.

दसऱ्यानंतर गाडी आली तर बॅटरी वेगळी. ठरलेली लिथियम, बसवलेली लेड ॲसिड, १२ व्होल्टचे चार डबे, नुसतं वजनच २५ किलोच्या वर. मी घेतलीच नाही, परत पाठवली, बदलून यायला आणि तीन आठवडे. हे मात्र नक्की करा, सीट उचलून बॅटरी डोळ्यानं बघा आणि मगच पैसे द्या.

आता गाडी. मस्त आहे, मनापासून सांगतो. २५० वॅट आणि २५ च्या आतली म्हणून लायसन लागत नाही, आरटीओचं रजिस्ट्रेशन नाही, पण दुकानदाराकडनं एआरएआय नाहीतर आयकॅट (गाड्या तपासून मंजुरी देणाऱ्या संस्था) यांच्या मंजुरीचा कागद मागून घ्या, कारण नुसत्या स्टिकरवर २५० लिहून मोठी मोटर बसवलेल्या गाड्या पण फिरत्यात आणि पकडली तर तुम्हीच अडकणार. मागच्या एक्सलला डिफरन्शियल आहे, म्हणजे मागची दोन चाकं वेगवेगळ्या स्पीडनं फिरू शकतात, त्यामुळं गल्लीत वळताना आतलं चाक घासत नाही. रिव्हर्सचं बटण आहे, टीं टीं वाजतं, आईला ते सगळ्यात आवडलं. ४८ व्होल्ट २४ अँपिअर-अवर बॅटरी, म्हणजे एका चार्जिंगला साधारण सव्वा युनिट, आणि आमच्या वापरात ३० किलोमीटर आरामात जाते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढं एकच चाक आहे, वळताना जोरात ब्रेक मारला की सगळं वजन त्या एका चाकावर येतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला कलते, पुढं दोन चाकं असली तर हे कमी होतं. म्हणून आईला शिकवलं, आधी स्लो, मग वळायचं. दुसरं खड्डे. स्कूटर एका लाईनीत जाते, खड्डा चुकवता येतो, इथं तीन चाकं तीन लाईनीत, एक चुकवला की दुसरा सापडतोच. मागचं सस्पेन्शन कडक आहे, कंबरेला जाणवतं, मी जाड फोमची गादी शिवून घेतली. कपिलेश्वर ब्रिजच्या चढावर चालायच्या स्पीडला येते, पण थांबली नाही. मागच्या चाकाला साडीगार्ड नव्हता, तो मी जाळीचा करून बसवला, पदराचं काम आहे, हे कंपनीनं द्यायलाच पाहिजे.

गाडीला पाचात साडेचार. दुकानाच्या सर्व्हिसला दोन, आणि तेही बॅटरी न भांडता बदलली म्हणून. घ्यायची असेल तर पावतीवर डिलिव्हरीची तारीख, बॅटरीचा प्रकार आणि उशीर झाला तर ॲडव्हान्स परत, ह्या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय रुपया देऊ नका.

आई आता सकाळी साडेसातलाच भाजीला जाते, पदर खोचून, पिशवी जाळीत. येताना वळणावरनंच हॉर्न देते, मग मी चहा ठेवून गेट उघडायला जातो. कुंड्या आता भिंतीकडंला ठेवल्यात.