रिमॅप की हलकं फ्लायव्हील?

गाडी चपळ करायला या दोन्हींतलं काय निवडावं? टर्बो गाडी असेल तर हा वाद फार लांबत नाही. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, रिमॅप म्हणजे टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब, इंधन आणि ठिणगीची वेळ यांचे आकडे बदलणं. दाब वाढला की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो, आणि तो प्रत्येक गिअरमध्ये जाणवतो. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र वाढवायला दाबच नसतो, त्यामुळे पैसे मोजून हाती फारसं लागत नाही.

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधलं जड फिरतं चाक. ते हलकं केल्याने ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. इंजिनाला स्वतःलाच फिरवायला कमी कष्ट पडतात, इतकंच. पण गंमत गिअरच्या गणितात आहे, कारण परिणाम गुणोत्तराच्या (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या किती, त्याच्या) वर्गाने बदलतो. समजा, फ्लायव्हीलच्या मध्यापासून १० सेंमीवरचं ४ किलो वजन काढलं आणि गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंमी आहे. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४ असेल, तर वेग घेताना गाडी जवळपास ८७ किलोंनी हलकी झाल्यासारखी वाटते. सहाव्यात गुणोत्तर ३ धरलं तर जेमतेम ४ किलो! म्हणजे हायवेवर शून्य उपयोग, घाटात आणि ट्रॅकवर मजा.

पोर्शने २०१६च्या ९११ आर मध्ये सिंगल-मास, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांशिवायचं हलकं, फ्लायव्हील पर्याय म्हणून दिलं होतं. किंमत मोजावी लागते ती कानांना: न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो. शिवाय सिग्नलवर क्लच सोडताना इंजिन पटकन बंद पडतं. रिमॅपचा धोका वेगळा. जास्त टॉर्कने मूळ क्लच घसरू लागतो.

रोजच्या टर्बो गाडीला मी रिमॅपच करेन, तोही बेताचा. फ्लायव्हील बदलायचं तर क्लच बदलतानाच. गिअरबॉक्स दोनदा कशाला उतरवायचा?