गाडीसाठी फायर एक्स्टिंग्विशर: एबीसी पावडर, सीओटू की ती नवी स्टिक?

गाडीत ठेवायला एक किलोचा एबीसी पावडरवाला फायर एक्स्टिंग्विशर घेतलाय (ए म्हणजे कापड-लाकडासारख्या घन वस्तूची आग, बी म्हणजे तेलासारख्या द्रवाची, सीबद्दल पुढे सांगतो), स्टोअर्ड प्रेशर टाइप, म्हणजे पावडर आणि नायट्रोजन एकाच सिलिंडरमध्ये आणि डोक्यावर दाब दाखवणारं हिरव्या पट्ट्याचं गेज. वापरतोय म्हणजे सीटखाली पडून आहे एवढंच, पिन ओढायची वेळ अजून आलेली नाही आणि न येवो. पण ट्रेनिंगमध्ये पावडर आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) दोन्ही मारून बघितलेत, आणि घेण्याआधी स्टिक, स्प्रे कॅन, क्लीन एजंट असं सगळंच चाळून झालं, म्हणून म्हटलं लिहून टाकू.

आधी हे डोक्यात घ्या की एक किलोचा सिलिंडर दाबून धरला की आठ-दहा सेकंदांत खेळ खलास. बस्स, तेवढाच वेळ. त्यामुळे पेटलेली अख्खी गाडी विझवायचं हे यंत्र नाहीच, नुकती लागलेली आग, बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागलाय, डॅशबोर्डखाली वायर जळतेय, एवढ्यापुरतंच ते आहे, आणि म्हणूनच मॉडेल कुठलं यापेक्षा तो हाताला किती पटकन लागतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डिकीत सामानाखाली गाडलेला सिलिंडर असून नसल्यासारखाच.

आता प्रकार. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडते, शिवाय गरम सीटवर, कार्पेटवर वितळून थर धरते, त्यामुळे घन वस्तूची आगही आटोक्यात येते. गाडीत पेट्रोल-डिझेल जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट फोम, प्लॅस्टिक आणि कापड असतं, म्हणून नुसता बीसी (सोडियम बायकार्बोनेटवाला) घेण्यात मला अर्थ वाटला नाही. एबीसीचा तोटा म्हणजे घाण, आणि साधीसुधी नाही. बारीक पिवळट भुकटी एसीच्या जाळीत, कनेक्टरमध्ये, सीटबेल्टच्या गुंडाळीत सगळीकडे शिरते आणि ओलावा लागला की आम्लधर्मी होऊन अ‍ॅल्युमिनियम आणि सर्किट खायला लागते, म्हणजे आग विझली तरी सफाईचं काम लगेच हाती घ्यावं लागतं. बंद केबिनमध्ये मारला तर समोरचं काही दिसत नाही आणि श्वास कोंडतो, त्यामुळे आधी सगळ्यांना बाहेर काढा मगच पिन ओढा.

सीओटूच्या प्रेमात लोक पडतात कारण मागे काही उरत नाही. इलेक्ट्रिकल पॅनलच्या खोलीत तो राजाच, पण रस्त्यावर वाऱ्यात गॅस उडून जातो, गरम धातू थंड होत नाही, आणि विझलेली आग परत भडकते. ट्रेनिंगमध्ये हे डोळ्यांनी बघितलं, गॅस संपला आणि ट्रेमधली ज्वाळा पुन्हा वर. शिवाय दोन किलो गॅसचा सिलिंडर एकूण पाच किलोच्या आसपास भरतो, गेज नसतं, भरलेला आहे की नाही ते वजन करूनच कळतं, आणि 31 अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, उन्हात तापलेल्या गाडीत आतला दाब चढत जातो. फुटू नये म्हणून सेफ्टी डिस्क असते खरी, पण ती उडाली की सगळा गॅस गेला. गाडीसाठी माझ्याकडून नापास.

क्लीन एजंट, उदाहरणार्थ एचएफसी-236एफए भरलेले, हे खरं तर गाडीला छान. अवशेष नाही, इलेक्ट्रॉनिक्स वाचतं. हॅलॉन 1211 हा आग विझवायचा जुना गॅस ओझोनचा थर खातो म्हणून मॉन्ट्रियल करारानंतर बंद झाला, त्याच्या जागी जे आले त्यातले हे. पण महाग, तेवढ्याच वजनात पावडरपेक्षा मारा कमी, आणि हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट पुढे. जुनी हौशीने जपलेली गाडी असेल तर हाच घ्या.

स्टिकबद्दल सगळे विचारतात. मशालीसारखी पेटवायची, त्यातून पोटॅशियमच्या क्षारांचा धूर निघतो आणि मॉडेलप्रमाणे 50 किंवा 100 सेकंद चालतो. आत दाब नाही, वजन नगण्य, गळायला काही नाही, या तिन्ही गोष्टी गाडीसाठी सोन्यासारख्या. पण धूर वाऱ्याने विखुरतो, सीटच्या आत धुमसत असलेल्या आगीवर विशेष चालत नाही, आणि एकदा पेटवली की मधे थांबवता येत नाही. मी दुसरी वस्तू म्हणून ठेवेन, एकमेव म्हणून नाही. स्प्रे कॅनबद्दल एवढंच, की रेटिंग (किती मोठी आग विझते त्याचा आकडा) छापलेलं नसेल तर हातच लावू नका.

रेटिंगवरून आठवलं, लेबलवरचे आकडे वाचायला शिका. 1-ए:10-बी:सी ही अमेरिकन पद्धत, त्यातला 10 म्हणजे साधारण 10 चौरस फूट पेटलेलं तेल नवशिक्या माणसाला विझवता यावं. 8ए 34बी असं असेल तर ती युरोपियन पद्धत, तिथे 34 हा चाचणीच्या ट्रेमधल्या द्रवाच्या लिटरचा आकडा. दोन्हींची तुलना थेट करू नका. आणि सी या अक्षराने तर भले भले फसतात, अमेरिकेत सी म्हणजे विजेच्या उपकरणाची आग, युरोपात सी म्हणजे गॅसची.

व्हॉल्व्ह आणि हँडल धातूचंच बघा. 2017 मध्ये किडे कंपनीने अमेरिका आणि कॅनडात प्लॅस्टिक हँडलचे आणि पुश-बटणाचे मिळून सुमारे 4 कोटी एक्स्टिंग्विशर परत मागवले होते, ऐनवेळी सुरूच होत नाहीत किंवा नोझल निसटतं म्हणून. माझ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पितळी आहे, त्याला पूर्ण मार्क. ब्रॅकेटला मात्र शून्य, सोबत आलेला प्लॅस्टिकचा क्लिप जोरात ब्रेक मारला की उघडतो. सुटा सिलिंडर घरंगळत ब्रेक पेडलखाली गेला तर आग लागायच्या आधीच अपघात. धातूचा पट्टेवाला ब्रॅकेट वेगळा घेऊन पुढच्या सीटच्या पायाशी बोल्टने कसला, आता हलत नाही. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली ठेवू नका, तिथे ऊन थेट लागतं आणि लेबलवर तापमानाची वरची मर्यादा बहुतेकदा 60 अंश दिलेली असते. हादऱ्यांनी पावडर तळाशी बसते असं म्हणतात, नव्या पावडरी बऱ्यापैकी मोकळ्या राहतात, तरी गेज बघताना मी सिलिंडर उलटा करून चार टपल्या मारतो, त्यात जातंय काय.

बॉनेटखाली आग असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका. आतला खटका ओढून जेवढी फट पडते तिथून किंवा पुढच्या जाळीतून मारायचं. एलपीजी-सीएनजीची गळती पेटली असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर विझवू नका, न जळलेला गॅस साचणं जास्त वाईट. आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरीच तापून पेटली असेल तर यातला एकही प्रकार पुरणार नाही, तिला तासन् तास पाणी लागतं, तुम्ही लांब पळा आणि फायर ब्रिगेडला फोन करा.

साइज? छोट्या कारला एक किलो, मोठ्या गाडीला दोन, अर्ध्या किलोवाला नकोच.

आणि विकणारा जर म्हणाला की थोडा मारून बघा चालतो का, तर अजिबात नाही. एकदा दाबला की पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीलमध्ये अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो, म्हणजे थोडासा वापरला तरी रिफिल करायलाच हवा. हात साफ करायचाच असेल तर मुदत संपत आलेला एखादा जुना सिलिंडर मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून पूर्ण रिकामा करा, आणि जुने कपडे घालून जा.